अर्धा किलो भेंडी

“तिखट आहे का, असंच विचारायचंय ना बाळ?”

भडंगवाल्या सगरेअण्णांनी केतकीनं तोंड उघडायच्या आधीच हे विचारलं तेव्हा मी दोन पावलं मागं उभा होतो. केतकीनं आधी अण्णांकडं बघितलं, मग मान वळवून माझ्याकडं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थी कधी आहे ते शोधायला लागलो.

“हो,” ती म्हणाली.

“अजिबात तिखट नाही. आणि काय सुंदर विचारलंस,” अण्णा म्हणाले. तिनं काहीच विचारलं नव्हतं.

स्कूटरवरून आम्ही घरी आलो. दारात उतरल्यावर केतकी म्हणाली, “बाबा, अण्णांना माझ्या मनातलं कसं कळलं?”

“इतकी वर्षं धंद्यात आहेत. चेहरे वाचता येतात त्यांना.”

“हं,” म्हणून ती आत गेली. मला वाटलं, सुटलो.

याला आता सोळा वर्षं झाली. सांगलीच्या गणपती पेठेत माझं फोटोफ्रेमचं दुकान होतं. केतकी माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा दहा वर्षांची, पाचवीत. जूनमध्ये वर्गात उभं राहून धडा वाचताना ‘पाटील माचीवर बसून विचार करू लागले’ या ठिकाणी तिनं ‘पाटील म्हशीवर बसून’ असं वाचलं. वर्ग हसला, बाईही हसल्या. होतंच ते हसण्यासारखं. तिनं घरी येऊन सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. पण तिनं सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत पोरं तिला बघून रेकायला लागली, तेही आम्हाला फार उशिरा कळलं. ऑगस्टपर्यंत रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. दिवाळीपर्यंत शाळेचे चाळीस दिवस बुडाले. घराबाहेर तर तिनं बोलणंच सोडलं. पाहुण्यांनी नाव विचारलं तरी ती माझ्या कानात सांगायची आणि मी मोठ्यानं सांगायचो. डॉक्टरांनी पोटाच्या सगळ्या तपासण्या केल्या. पोट ठणठणीत होतं.

माझी बायको अनघा नर्स. तिच्याच दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञ मुजावर मॅडमचं नाव सुचवलं. अनघाच्या कामाच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळं दर शनिवारी केतकीला घेऊन जायचं काम माझ्याकडं आलं.

मुजावर मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कायम कपाळावर, टेबलावर शेंगदाण्यांची बरणी. पहिल्याच दिवशी त्यांनी केतकीला एक वही दिली. पानावर दोन रकाने. एकावर लिहिलं ‘काय होईल असं वाटतं’, दुसऱ्यावर ‘काय झालं’.

“मनात विचार आला म्हणजे तो खराच असतो असं नाही,” त्या म्हणाल्या. “तपासून बघायचा. जाऊन, करून.”

मग दोघींनी मिळून एक शिडी काढली. प्रत्येक पायरीवर एक काम आणि त्या कामाच्या भीतीचा शून्य ते दहामधला आकडा. सगळ्यात खाली मगदूमांच्या दुकानात पेन्सिल मागणे, आकडा तीन. सगळ्यात वर वर्गात मोठ्यानं वाचणे, आकडा दहा. या विचार तपासून बघायच्या मानसोपचाराला सीबीटी म्हणतात हे मला फाइलीवर वाचून कळलं.

“आणि मी काय करायचं?” मी विचारलं.

“तुम्ही नुसतं सोबत उभं राहायचं. तिच्याऐवजी बोलायचं नाही. काहीच करायचं नाही.”

काहीच न करणं हे मला कधीच जमलेलं नाही. पेठेतले सगळे दुकानदार माझ्या ओळखीचे. शुक्रवारी संध्याकाळी मी मगदूमांना फोन केला. म्हटलं, उद्या माझी मुलगी पेन्सिल मागायला येईल, वेळ लागला तर थांबा, आणि काही झालं तरी हसू नका. मगदूम तसा खेकसणारा माणूस. पण दुसऱ्या दिवशी केतकी समोर गेल्यावर तो चक्क उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी पेन्सिल दिली आणि वर एक खोडरबर फुकट. केतकीनं वहीत लिहिलं, ‘वाटलं: काका वैतागतील. झालं: काका उभे राहिले.’

मला फार आनंद झाला. पुढच्या आठवड्यात बेकरीवाल्याला फोन केला, त्याच्या पुढच्या आठवड्यात वाचनालयातल्या बाईंना. सिटी बसमध्ये स्वतः तिकीट मागायची पायरी आली, तेव्हा जरा अडचण झाली. कंडक्टरला फोन कसा करणार? तासभर स्टँडवर बसून मी त्याला गाठला. तो केतकीकडं बघून इतका गोड हसला की मागच्या सीटवरच्या बाईनं आपले सुटे पैसे पुन्हा मोजून घेतले.

आणि मग सगरेअण्णा. त्यांना मी सांगितलं होतं की ती ‘तिखट आहे का’ असं विचारणार आहे. त्यांनी फक्त थोडी घाई केली.

त्यानंतरच्या गुरुवारी जेवताना केतकी आपणहून म्हणाली, “शनिवारी मी शकूबाईंकडं सेफ्टी पिना मागणार आहे.”

शकूबाईंचं बांगड्यांचं दुकान पेठेच्या तोंडाशी. मी हात धुतले आणि गच्चीवर जाऊन फोन केला.

शनिवारी मिरजेला निघण्याआधी आम्ही तिकडं गेलो. केतकी म्हणाली, “आज तुम्ही बाहेरच थांबा.” मला वाटलं, पोरगी सुधारतेय. दोन मिनिटांत ती बाहेर आली, मूठ मिटलेली, आणि चेहऱ्यावर हसू. घराबाहेर तिला हसताना मी कित्येक महिन्यांनी बघत होतो. मिरजेपर्यंत मी स्कूटरवर गुणगुणत गेलो.

मुजावर मॅडमच्या खोलीत शिरल्या शिरल्या केतकीनं मूठ उघडली आणि पिनांचं पाकीट टेबलावर ठेवलं.

“वा,” मॅडम म्हणाल्या. “मागितल्यास?”

“नाही. मी सुई-दोरा मागितला.”

“मग?”

“मग त्यांनी पिना दिल्या. म्हणाल्या, घे, किती स्पष्ट बोलतेस.”

मॅडमनी कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

“बाबा, किती जणांना फोन केलेत?” केतकीनं विचारलं. तिच्या हातात पेन तयार होतं.

“पाच.”

“आणि कंडक्टरकाका?”

“त्यांना प्रत्यक्ष भेटलो.”

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, आता दोघी हसतील आणि विषय संपेल. मीसुद्धा हसायच्या बेतात होतो. पण केतकीनं वही उघडली, पट्टी घेतली आणि पहिल्या पानापासून एकेक ओळ खोडायला लागली. मगदूम खोडले, बेकरी खोडली, वाचनालय खोडलं. सावकाश, सरळ रेघा मारत.

“म्हणजे हे सगळं खोटंच होतं,” ती म्हणाली. “मला काही जमलेलंच नाही.”

मला कुणी चार लोकांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

“कुंभोजकर,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “प्रयोग तिचा होता. निकाल तुम्ही आधीच लिहून ठेवलात.”

“तिला कुणी हसू नये, एवढंच वाटत होतं.”

“हसले असते तर?”

खरंच, त्याच्या पुढं मी कधी गेलोच नव्हतो. कुणीतरी तिला हसतंय आणि मी तिथं उभा आहे, इथं येऊन माझं डोकं बंद पडायचं आणि हात फोनकडं जायचा.

केतकी पट्टी खाली ठेवून माझ्याकडं बघत होती. “आकडा सांगा.”

“कशाचा?”

“मला लोक हसतायत आणि तुम्ही नुसते उभे आहात. त्याचा आकडा.”

“सात.”

“खरा सांगा.”

“दहा,” मी म्हणालो.

तिनं तो लिहून घेतला. मग स्वतःचा जुना आकडा शोधून काढला आणि दोन्हींवर बोट ठेवून मॅडमना दाखवलं. “बाबांचा माझ्याइतकाच आहे.”

“मग त्यांनाही शिडी लागेल,” मॅडम म्हणाल्या आणि शेंगदाण्यांची बरणी माझ्यापुढं सरकवली.

काम केतकीनं ठरवायचं, असं ठरलं. तिनं परतताना स्कूटरवरच ठरवलं आणि घरी आल्यावर सुवाच्य अक्षरात लिहून काढलं: साडीच्या दुकानात जाऊन अर्धा किलो भेंडी मागणे. मागितल्यावर मनात तीन अंक मोजेपर्यंत काही बोलायचे नाही. पळायचे नाही. गंमत केली असे सांगायचे नाही. आधी बाबा, पुढच्या आठवड्यात केतकी.

अनघानं ते वाचलं आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

“मिरजेत करू,” मी म्हणालो.

“मिरजेत तुम्हाला कोण ओळखतंय?”

“म्हणूनच तर.”

“म्हणूनच नाही.”

सोमवारी संध्याकाळी आम्ही निघालो. मोबाईल तिनं घरीच काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला. कुठलं दुकान हेही पेठेत शिरेपर्यंत सांगितलं नाही. मग बोट केलं. बाबूशेठचं दुकान. पेठेतलं सगळ्यात मोठं. बाबूशेठच्या वडिलांची तसबीर मीच करून दिलेली, ती गल्ल्याच्या वर टांगलेली होती.

चपला काढून आम्ही गादीवर बसलो. लग्नसराई तोंडावर होती, आठ-दहा बायका समोर साड्यांचे ढीग घेऊन बसलेल्या.

“या कुंभोजकर,” बाबूशेठ गल्ल्यावरून म्हणाले. “दिलीप, बघ रे यांना काय पाहिजे ते.”

दिलीप गुडघ्यांवर सरकत पुढं आला. “काय दाखवू साहेब?”

“दाखवा.”

“काठपदर की सिल्क?”

“दोन्ही.”

त्यानं साड्या उलगडायला सुरुवात केली. मोरपंखी, डाळिंबी, चिंतामणी. प्रत्येक साडीला मी मान हलवत होतो. चहा आला, तो प्यालो. वहिनींचा रंग कसा आहे, असं दिलीपनं विचारलं. मी सांगितलं, तर त्यानं आणखी सहा साड्या काढल्या.

“बाबा,” केतकी शेजारून पुटपुटली.

“हो, हो.”

“आकडा?”

“अकरा.”

“अकरा नाहीये.”

मी घसा खाकरला. “मला अर्धा...”

“बोला साहेब?”

“अर्धा मिनिट द्या.”

दिलीप आदबीनं थांबला. माझं बनियन घामानं पाठीला चिकटलं होतं. एक खरेदी करून सुटावं, हा विचार माझ्या मनात पक्का होत चालला होता. मी एका जांभळ्या साडीला हातही घातला. केतकीनं तो हात बघितला, आणि तिला सगळं कळलं असावं. ती गादीवर गुडघे टेकून ताठ झाली.

“आम्हाला अर्धा किलो भेंडी पाहिजे,” ती म्हणाली.

तिचा आवाज घराबाहेर इतका मोठा मी त्या वर्षात ऐकला नव्हता. समोरच्या बायकांचे हात साड्यांवर थांबले.

“भेंडी कलर?” दिलीप म्हणाला. “आहे की.” आणि त्यानं मागच्या फळीवरून हिरवी साडी ओढून फर्रकन आमच्यापुढं पसरली.

“रंग नको. भाजी.”

मग हसू फुटलं. एक बाई हसली, मग सगळ्या. बाबूशेठ गल्ल्यावर डोकं टेकून हसायला लागले. दिलीपला आधी कळेना, मग तोही हसला. मी फक्त केतकीकडं बघत होतो. तिचे कान लालभडक झाले होते. मांडीवर तिचं एक बोट उघडलं, मग दुसरं. माझ्या जिभेवर शब्द तयार होते: अहो, लहान आहे, गंमत करतेय, चला येतो. मी जीभ दातांत धरली, खरोखरच धरली. पुढं दोन दिवस ती दुखत होती.

तिचं तिसरं बोट उघडलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

“कोवळी पाहिजे,” मी म्हणालो. “जून नको.”

आता तर गादीच हलायला लागली. एक ठसकेबाज बाई म्हणाली, “अहो, सराफाकडं जाऊन बघा, वांगी असतील.” बाबूशेठ डोळे पुसत म्हणाले, “कुंभोजकर, तब्येत बरी आहे ना?”

एक. दोन. तीन.

“बरी आहे,” मी म्हणालो. “नसेल तर येतो.”

आम्ही चपला घातल्या. केतकी भरभर चालत कोपऱ्यापर्यंत गेली आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

“मला ओकारी येतेय.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. काही सांगितलं नाही, पाणी आणतो असंही म्हणालो नाही. जरा वेळानं ती म्हणाली, “गेली.”

तिनं पिशवीतून वही काढली. ‘वाटलं: सगळे हसतील.’ पुढच्या रकान्यात लिहिलं, ‘झालं: सगळे हसले.’ आणि पेन तसंच धरून त्या दोन ओळींकडं बघत बसली.

“बाबा, जे वाटलं होतं तेच झालं की.”

“हो.”

“मग?”

“मग काय?”

तिनं विचार केला. रस्त्यावरून सायकली जात होत्या, समोर उसाच्या रसाचा चरक फिरत होता. मग दुसऱ्या रकान्यात खाली तिनं आणखी एक ओळ लिहिली, ‘नंतर आम्ही घरी आलो.’

“घरी कुठं आलोय अजून?” मी म्हणालो.

“येणारच आहोत की.”

पेठेत ही बातमी पसरायला एक दिवस पुरला. पुढचे सहा महिने दुकानदार मला नमस्कार करायच्या ऐवजी भेंडीचा भाव विचारत होते. केतकीनं खोडलेल्या सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून पुन्हा केल्या, या वेळी कुणाला काही न सांगता. मगदूमांकडं गेली तेव्हा ते हिशेबात होते. “थांब की गं जरा, दिसत नाही का?” असं खेकसले. ती बाहेर आली ती उड्या मारतच.

“माझ्यावर ओरडले,” तिनं अभिमानानं सांगितलं.

एका दमात सगळं बरं झालं, असं मात्र नाही. डिसेंबरात पुन्हा दोन आठवडे पोट दुखलं, तीन दिवस शाळा बुडाली. मॅडम म्हणाल्या, असं होतं, शिडी जागेवर आहे. जानेवारीत ती रोज जायला लागली. आणि फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी हजेरीच्या क्रमानं तिचा वाचनाचा नंबर आला. सकाळी तिनं अर्धीच पोळी खाल्ली. आकडा मी विचारला नाही, तिनं सांगितला नाही. मराठीचा तास साडेअकराला होता.

त्या दिवशी मी दुकानात एका तसबिरीची काच तीनदा कापली आणि तीनदा वाया घालवली.

पाच वाजता ती आली. दप्तर काउंटरवर टाकलं आणि स्टुलावर बसली.

“वाचलं,” ती म्हणाली.

“बरं.” मी पट्टीवर खिळा ठोकत राहिलो. शेवटी राहवलं नाही. “चुकलं का कुठं?”

“दोनदा.”

“हसले?”

“तिघं. एक जण रेकला.”

माझा हातोडा हातातच राहिला. “मग?”

“मग काय. पुढचा परिच्छेद वाचला.”

मी पाठ फिरवून खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधू लागलो. मागं बटणं दाबल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर काउंटरवरचा माझा मोबाईल तिच्या हातात होता आणि ती दिवसभरात लावलेल्या फोनची यादी शांतपणे खाली सरकवत होती.

“हा आमच्या बाईंचा नंबर आहे,” ती म्हणाली. “अकरा वाजून वीस मिनिटं.”

“हो.”

“बोललात?”

“नाही. लावला होता. त्यांनी उचलायच्या आत कट केला.”

तिनं पडद्यावर पुन्हा बघितलं. खरंच, बोलणं झाल्याची काही नोंद नव्हती.

“आकडा किती होता?”

“दहा.”

“खरा?”

“खरा.”

“मग कट कसा केलात?”

“हात थरथरत होता,” मी म्हणालो. “तरी केला.”

तिनं मोबाईल काउंटरवर ठेवला, हातांची घडी घातली आणि मुजावर मॅडमसारखी सावकाश मान हलवली.

“चांगली प्रगती आहे,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी लावूच नका.”